वॉर्निशचा वास

ही गोष्ट माझ्या तोंडून कधी बाहेर पडलेली नाही. सख्ख्या बहिणीजवळ नाही. देवापुढे हात जोडले तरी नाही — तिथंही मी दुसरंच काहीतरी पुटपुटते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल. जमेल का? बघते.

आधी माझ्या स्वयंपाकाचं सांगते. टाळतेय असं वाटेल तुम्हाला, पण सगळं तिथूनच सुरू झालं. माझ्या वडिलांचं ओतूरच्या पेठेत भजी-मिसळीचं हॉटेल होतं. मी कढईशेजारीच वाढले. तेल किती तापलं हे मला नुसत्या वासावरून कळायचं. लग्न होऊन खोडदला गेले तेव्हा त्या घरातली चूल जाऊबाईंची होती. ह्यांची आई लवकर गेलेली, ह्यांना लहानाचं मोठं केलं ते जाऊबाईंनीच. बाजरीची भाकरी, हुलग्याची शेंगोळी, परसातली माठाची भाजी, मोडाची मटकी — तेल आपलं नावापुरतं. मी पहिल्यांदा मासवडी केली, रश्श्यावर चांगली बोटभर तर्री आणली. ह्यांनी दोन घास खाल्ले, चांगलं झालंय म्हणाले, आणि ताट पुढं सरकवून म्हणाले, "वैनी, भाकर हाय का गं?"

एवढंच. हे काय मनात धरण्यासारखं आहे? मी धरलं.

पुढं खोडदच्या रानात आकाशातल्या लहरी टिपणाऱ्या दुर्बिणीच्या त्या मोठ्या पांढऱ्या अँटेना उभ्या राहत होत्या, त्याच सुमाराला ह्यांनी ओतूरला मोटार वायंडिंगचं दुकान टाकलं. शेतावरच्या जळालेल्या पाण्याच्या मोटारी यायच्या, हे जुनी तार काढून नवी भरायचे, वर वॉर्निश द्यायचे. अंगाला, कपड्यांना सतत तो उग्र वास. आम्ही पेठेत बिऱ्हाड केलं आणि चूल एकदाची माझी झाली. सकाळी पुऱ्या, दुपारी डब्यात डालड्यातले पराठे, संध्याकाळी गरम भजी. ह्यांना सवय लागायला दोन-तीन वर्षं गेली. पण लागली. खोडदला सणाला गेलो की हेच म्हणायला लागले, "वैनी, तुझ्या हातचं आता लई कोरडं लागतंय." जाऊबाई हसल्या आणि उठून आत गेल्या. मला त्या रात्री किती छान झोप लागली — तेसुद्धा मी विसरलेले नाही.

मग ह्यांचं पोट सुटलं. जेवले की दुकानातच बसल्या बसल्या डोळे मिटायचे. उजव्या बरगडीखाली जड वाटतंय म्हणायला लागले, म्हणून नारायणगावला सोनोग्राफी केली. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे गेलो, तर नेमकं दारातच एक गिऱ्हाईक भेटलं आणि हे बाहेर त्याच्याशी बोलत राहिले. आत मी एकटीच.

डॉक्टर तरुण होते. विचारलं, "दारू घेतात?" मी म्हणाले, कधीच नाही. खरंच होतं ते. बरोबरचे मिस्त्री काम संपलं की प्यायला बसायचे, हे हात धुऊन घरी यायचे. डॉक्टर म्हणाले, "मग बरंय. लिव्हरवर चरबी आलीय, पण अजून परत फिरता येईल. तेल, डालडा, तळलेलं बंद. बाजरीची भाकरी, हुलगे, मटकी, पालेभाजी — असं जाडंभरडं द्या. औषधापेक्षा ह्याचाच उपयोग होईल."

तुम्हाला कळतंय ना, ते काय सांगत होते? जाऊबाईंची चूल सांगत होते. एकही पदार्थ चुकला नव्हता.

मी बाहेर आले. हे म्हणाले, "काय म्हणला?" आणि मी म्हणाले, "पित्त आहे. उपाशी राहू नका, म्हणाले."

ठरवून बोलले का? माहीत नाही. पण दुसऱ्या दिवशी मी कढई ठेवली, ती तर ठरवूनच ठेवली. मनात म्हणायचे, हळूहळू कमी करू. दिवाळी झाली की करू. मंगेशची — आमच्या मुलाची — परीक्षा झाली की करू. दरम्यान ह्यांच्या मानेची कातडी काळी, जाड होत गेली. मोरीत मुंग्या दिसायला लागल्या, काळ्या, रांग धरून. मी पाणी ओतायचे, सकाळी पुन्हा रांग. ह्यांच्या लघवीत साखर आहे हे मला कळलं होतं. ह्यांना तहान लागायची, घटाघटा पाणी प्यायचे आणि म्हणायचे, "उन्हाळा लई हाय यंदा." तेव्हा श्रावण चालू होता.

अशी वर्षं गेली. पायांवर सूज आली, अंगाला खाज सुटायची, डोळे पिवळे झाले. कुणी विचारलं की मीच सांगायचे, पित्ताची प्रकृती आहे. एके दिवशी दुकानातच त्यांना रक्ताची उलटी झाली.

इथवर लिहिताना हात थांबला नाही. आता थांबतोय. कारण माझा गुन्हा हा नाही. म्हणजे हाही आहेच — पण जे लपवलंय ते पुढचं आहे.

पुण्याच्या हॉस्पिटलात आम्ही सगळे होतो. मोठे दीर, जाऊबाई, मी, आणि मंगेश. तो तेव्हा दहावीला होता, बापाच्या पायाशी उभा. मोठे डॉक्टर आले. म्हणाले, "लिव्हर पार निकामी झालंय. हे एका दिवसाचं नाही. आधी कधी तपासलं नव्हतं?"

जाऊबाई माझ्याकडं वळल्या. "तू गेली व्हतीस ना गं ह्याच्यासंगं नारायणगावला? काय म्हणला व्हता तवा डॉक्टर?"

साधा प्रश्न होता. त्यांच्या मनात काही नव्हतं. मी काही बोलायच्या आत डॉक्टरांनीच विचारलं, "दारू किती वर्षांपासून घेतात?"

"साहेब, ह्यो गडी तसला न्हाई," दीर म्हणाले. "थेंबाला शिवला न्हाई कधी."

डॉक्टरांना ते पटलं नाही. त्या काळी लिव्हर गेलं म्हणजे दारूच, असं बरेच डॉक्टरही धरून चालायचे. ते मला म्हणाले, "बाई, घरच्या माणसाला माहीत असतं. खरं सांगा."

आणि मी म्हणाले, "घेतात. दुकानात. लपून."

जाऊबाईंनी पदर तोंडाला लावला. डॉक्टरांनी ह्यांच्याकडे वाकून विचारलं, "काय हो, खरं आहे?" हे शुद्धीवर होते. सगळं ऐकलं होतं त्यांनी. माझ्याकडे बघत राहिले — रागानं नाही, नवल वाटल्यासारखं. जसं एखादी मोटार का जळाली ते कळत नसलं की तिच्याकडे बघायचे, तसं. मग म्हणाले, "ती म्हणती तर आसंल," आणि भिंतीकडे कूस वळवली.

ते असं का म्हणाले? मला वाचवलं? की थकले होते? मी विचारू शकले असते. ते आणखी काही दिवस होते. मी त्यांचे पाय चेपले, तोंडात पाणी घातलं, आणि विचारलं नाही.

ते गेल्यावर सगळ्यांना सगळं जुळवता आलं. दुकानात डोळे मिटायचे ते का, पाय सुजायचे ते का. शेजारची म्हणाली, "तो वास वॉर्निशचा कुठला, आम्हाला आधीच शंका येत होती." मंगेश दुकानात गेला, सगळी फडताळं उपसली, बाटली शोधली. बाटली कशी सापडणार? वॉर्निश पातळ करायच्या थिनरचा डबा तेवढा मिळाला. तो घेऊन घरी आला, माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाला, "हे पण पीत असतील." मी तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मी डबा उचलून बाहेर ठेवला.

जाऊबाई त्यानंतर आमच्या उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत. एकदा बाजारात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "पोटच्या पोरावानी वाढवला अन् मलाच कळलं न्हाई." त्या गेल्या त्याही हेच मनात घेऊन.

मंगेश मोठा झाला, चाकणला कंपनीत लागला, लग्न झालं. बापाचा फोटो त्यानं घरात लावू दिला नाही. दारू पिणाऱ्याच्या पंगतीला बसत नाही. खातो मात्र पोटभर, माझ्या हातचं, बापासारखंच. मागच्या वर्षी कंपनीच्या तपासणीत त्याच्याही लिव्हरवर चरबी निघाली. ह्या वेळी डॉक्टरांसमोर आम्ही दोघं बसलो होतो.

"घरात कुणाला लिव्हरचा त्रास?"

"वडिलांना होता," मंगेश म्हणाला. "पण ते दारूनं गेले. माझं तसलं काही नाही."

डॉक्टर बाई होत्या, समजावून सांगणाऱ्या. म्हणाल्या, "दारू न पिताही होतं हे. जाड्याभरड्या धान्यातला, पालेभाजीतला चोथा आपल्याला पचत नाही. आतड्यातले जंतू तो आंबवतात, त्यातून आम्लं तयार होतात. आतड्याचं अस्तर त्यांच्यावर जगतं, लिव्हरलाही त्यांचा आधार असतो. नुसतं तळलेलं खात राहिलं की ते जंतू उपाशी राहतात, अस्तर कमजोर पडतं, आणि चरबी साचत जाते." मग माझ्याकडे बघून, "आई, हे तुम्हालाच सांभाळायचंय."

मी मान हलवली. बाईंना वडिलांचं खरं कळायला हवं होतं — पोराच्या औषधासाठी तरी. मी शेजारच्याच खुर्चीत होते.

आता मी त्याला भाकरी आणि शेंगोळीच देते. हे मात्र पाळते. परवा जेवता जेवता म्हणाला, "खोडदच्या काकूंच्या हातचं असंच असायचं ना? घरात असं खायला असताना त्या माणसाला बाटली लागत होती."

मी त्याला आणखी अर्धी भाकरी वाढली. तो जेवला, हात धुतला, कंपनीच्या गाडीला गेला.