वायसरने बुजवलेल्या भेगा

आमच्या इमारतीत नळ गळायला लागला की मालकाला कळवायचं नाही, वायसरला हाक मारायची, हा अलिखित कायदा. वायसर म्हणजे वरच्या मजल्यावरचा प्लंबर; नळातले वायसर बदलता बदलता तेच नाव पडलेला. त्याचं खरं नाव फक्त भाडेपावतीला ठाऊक. त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, त्यासुद्धा चिडल्या की "अहो वायसर!" म्हणायच्या.

कायद्यामागचं डोकं त्याचंच. "मालकाने भिंतीत एक वीट बसवली की भाड्यात दोन चढवतो," तो म्हणे. म्हणून बड्या घरांत उरलेले पाइप आणून त्याने एकवीस वर्षं ही इमारत जुन्या भाड्यात तगवली. मालक फेरीला आला की गळतीखालची बादली पलंगाखाली जाई आणि भेगेवर कॅलेंडर चढे. भेगा भरपूर, त्यामुळे कॅलेंडरंही भरपूर. फक्त तारीख विचारायची सोय नव्हती. प्रत्येक भिंतीचं साल वेगळं.

मग मालक वारला. नव्या मालकाने पहिल्याच महिन्यात महापालिकेत अर्ज टाकला: इमारत धोकादायक आहे, रिकामी करून द्या. तपासणीला साहेब येणार होते. इमारत धड ठरली तर आम्ही राहणार, नाहीतर अठरा बिऱ्हाडं रस्त्यावर. आमच्या भाड्यात आसपास कुणी सायकलसुद्धा उभी करू देत नव्हतं.

"घाबरता काय? खांब ठणठणीत आहेत, भेगा नुसत्या गिलाव्याच्या," वायसर म्हणाला. आणि आदल्या दिवशी थापी घेऊन त्याने एकूण एक भेग बुजवली, वरून रंगाचा हात मारला. इमारत दाखवायला बसवलेल्या मुलीसारखी दिसू लागली.

साहेबांनी त्याच्याच खोलीतल्या भिंतीला बोट लावलं. बोट पांढरं झालं.

"इथे तडा होता?"

"छे हो साहेब!" एकवीस वर्षांची सवय बोलून गेली. "आमच्याकडे तडे नाहीतच."

"अजिबात नाहीत," मागून आम्ही सगळे, एका सुरात.

साहेबांनी लिहिलं: तडे लपवलेले आहेत, आतल्या मजबुतीची खात्री देता येत नाही.

वायसरच्या डोक्यात प्रकाश पडला तेव्हा साहेब जिना उतरत होते. त्याने छिन्नी उचलली. "साहेब, थांबा! उघडून दाखवतो!" कालचाच गिलावा त्याने भराभर पाडला. आतली वीट धडधाकट निघाली. बघायला मात्र आम्हीच होतो.

"अहो, पुरे," वहिनी म्हणाल्या. "गेले ते."

"परत बोलावू! भेगा उघडा सगळ्या!"

दुसऱ्या दिवशी तो रुमालात विटेचा तुकडा बांधून कचेरीत गेला. खिडकीतला कारकून म्हणाला, "टेबलावर माती नको." मग रोज गेला. कामं सुटली, पाना गंजू लागला. आम्ही भेगा उघड्या टाकून, केरसुणी हातात घेऊन साहेबांची वाट बघत बसलो. आता जो येईल त्याला सगळं खरं सांगायचं ठरलं होतं.

विसाव्या दिवशी जिन्यात बूट वाजले. वहिनींनी धावत जाऊन कॅलेंडर भेगेवर टांगलं. वायसरने ते काढून घेतलं, शर्ट खोचला, दार उघडलं.

बाहेर एक माणूस दारावर कागद चिकटवत होता. महिन्याच्या आत जागा खाली करावी.

वायसरने तो दोनदा वाचला. मग भिंतीला पाठ टेकत हलक्या आवाजात म्हणाला, "डिंक जरा बेताने लावा हो. दाराचा रंग निघतो."