मी मोटारसायकलचं तेल काढलं

स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षं झाली असतील. आम्ही कल्याणला भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. हे, म्हणजे माझे यजमान, रस्त्यांची कामं घेणाऱ्या एका कंत्राटदाराकडे देखरेखीला होते. मुरबाडच्या पुढे डोंगरापर्यंत खडी पसरणं, मोऱ्या बांधणं चाललेलं असे आणि यांना रोज या कामावरून त्या कामावर जावं लागे. त्यासाठी यांनी मोटारसायकल घेतली होती. लढाई संपल्यावर छावणीतला लष्करी माल विकायला निघाला, त्यातली. शेवाळी रंगाची, अवजड. ओढ्यातून, खडीतून, बांधावरून, कुठूनही जायची. हौसेची म्हणावी अशी आमच्या घरात तेवढी एकच वस्तू.

तिचं तेल हे घरीच बदलत. रविवारी सकाळी आधी एक फेरी मारून इंजिन तापवायचं, म्हणजे तेल पातळ होऊन नीट वाहतं. मग परसात गोणपाट अंथरायचं, गाडीखाली जुनी परात सरकवायची आणि इंजिनाच्या तळाचा नट सोडायचा. काळं तेल बराच वेळ परातीत पडत राही. पाना, चिंध्या, नरसाळं हातात द्यायचं काम माझं. आमची पाच वर्षांची मुलगी पायरीवर बसून असे. तिला त्या तेलाशी काही देणंघेणं नव्हतं. नवं तेल भरल्यावर कुठे गळतंय का ते बघायला हे एक फेरी मारत, तेव्हा तिला पुढे टाकीवर बसायला मिळे.

त्या रविवारी तेल निथळलं आणि नट परत लावायची वेळ आली. यांनी तो पुसून गोणपाटावर ठेवला होता. यांचा हात गोणपाटावर फिरू लागला. नट यांच्या डाव्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर होता, त्यावर ऊन पडलं होतं. हे मान न वळवता चाचपत राहिले. मला वाटलं, गंमत करताहेत. मग मी यांचा चेहरा पाहिला. मी नट उचलून हातात दिला, पायाशीच होता म्हटलं. पुढे नवं तेल ओतताना डबा नरसाळ्याच्या बाहेरच वाकला आणि तेल तापल्या इंजिनावर सांडून करपट वास सुटला. यांचं काम इतकं नीटस की आजवर कधी थेंब सांडलेला मी पाहिला नव्हता.

मुलगी सवयीने टाकीवर चढून बसली. हे किक मारणार तेवढ्यात मी तिला उचलून खाली घेतलं.

"हिला नका नेऊ," मी म्हटलं.

ती रडायला लागली. हे चिडतील, कारण विचारतील, असं मला वाटलं होतं. यांनी काही विचारलं नाही. गाडी स्टँडला लावली आणि आत जाऊन राखेने हात घासत बसले. तेव्हा मात्र मी घाबरले.

दुपारी मुलगी झोपल्यावर यांनी सांगितलं. डाव्या डोळ्याला कडेचं दिसेनासं होऊन बरेच महिने झाले होते, आता समोरचंही धुरकट झालं होतं. उजव्या डोळ्यालाही तसंच व्हायला लागलं होतं. मधे एकदा मुरबाडच्या रस्त्यावर डावीकडून बैलगाडी आली ती यांना दिसलीच नाही. बैलाचं शिंग दंडाला घासलं तेव्हा कळलं. सदऱ्याची ती फाटकी बाही मीच शिवली होती. तारेत अडकली, असं तेव्हा मला सांगितलं होतं.

ठाण्याला खोपटच्या बाजूला डोळ्यांचे एक डॉक्टर होते, त्यांच्याकडे आम्ही गेलो. त्यांनी यांना समोर बघत राहायला सांगितलं, एक डोळा झाकला आणि आपलं बोट कानाच्या बाजूने हळूहळू पुढे आणू लागले. दिसलं की सांगा, म्हणाले. मी मागे उभी होते. बोट गालापर्यंत आलं, डोळ्यासमोर यायला आलं, तरी हे गप्प. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली राखायची तर मुंबईला लवकर ऑपरेशन करून घ्या. आणि गाडी आजपासून बंद.

गाडी ताडपत्रीखाली गेली. पण आठवड्याभरात कामावरून निरोप आला की पावसाआधी मोऱ्या पुऱ्या झाल्याच पाहिजेत. हे संध्याकाळी ताडपत्री काढून गाडी पुसायला लागले. पाऊस लागेपर्यंत चालवतो, मग ऑपरेशनचं बघू, म्हणाले.

"तो रस्ता माझ्या अंगवळणी पडलाय."

"रस्ता पडला असेल. त्यावरची माणसं, गुरं नाहीत ना पडली."

"नोकरी गेली तर घरात बसून मी काय करू, ते सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी हे आंघोळीला गेले तेव्हा मी पाना घेऊन परसात गेले. इतक्या वेळा तो यांच्या हातात दिला होता, स्वतः कधी फिरवला नव्हता. नट हलेना. मी पान्यावर पाय देऊन जोर केला तेव्हा सुटला, बोटं सोलवटली. खाली परात ठेवायचं सुचलं नाही. नुकतंच भरलेलं तेल मधासारखं वाहत फरशीवरून अळूच्या वाफ्यात गेलं. मग मी न्हाणीच्या दाराशी जाऊन म्हटलं, "मी गाडीचं तेल काढून टाकलंय. चालू करू नका, इंजिन जाम होईल."

आतला पाण्याचा आवाज थांबला.

हे ओल्या अंगाने बाहेर आले. उजव्या डोळ्याने दिसावं म्हणून मान वळवून, गाडीखाली वाकून बघितलं. नट कुठे आहे विचारलं. माझ्याकडे आहे म्हटलं. यांनी हात पुढे केला. मी नट दिला नाही, मूठ पदरात धरून उभी राहिले. हिसकावून घेता आला असता, घेतला नाही.

"एवढं करण्याआधी सांगायचं होतंस."

"सांगितलं होतं."

हे कपडे करून बसने कामावर गेले. कंत्राटदाराला आपण होऊन डोळ्यांचं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसरा माणूस बघितला. त्यानंतर कितीतरी दिवस हे माझ्याशी बोलायचं ते मुलीमार्फत. आईला सांग, पानं घे. आईला सांग, बाहेर जातोय.

मुंबईला ऑपरेशन झालं तेव्हा दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या होत्या. मी खाटेशी बसून मोसंबं सोलत होते. हे एकदम म्हणाले, "तेल काळं झालं होतं का गं?"

"नाही. स्वच्छ होतं."

"मग वाया गेलं," म्हणाले आणि भिंतीकडे वळले. आपण होऊन माझ्याशी बोललेलं तेच पहिलं.

डावा डोळा गेला. उजव्याची नजर थोडी राहिली आणि ती शेवटपर्यंत पुरली. पुढे कल्याणच्या बाजारात धान्याच्या एका आडत्याकडे कोठारावर काम मिळालं. ते यांनी बरीच वर्षं केलं, आवडीने कधीच नाही. गाडी शहापूरकडच्या एका माणसाने घेतली. तो न्यायला येणार त्या सकाळी हे लवकर बाहेर पडले आणि गाडी गेल्यावरच परत आले. कोठारावरून येताना मुलीसाठी शेंगा आणत, तिचा अभ्यास घेत, कुणाला कधी टाकून बोलत नसत. मी केलं ते बरोबर होतं, याबद्दल मला तेव्हा शंका नव्हती, आजही नाही. पण पूर्वी कामावरून आल्यावर अंगणातूनच दिवसभराच्या गमती सांगत घरात शिरणारा माणूस त्या उन्हाळ्यात गप्प झाला तो झालाच, आणि त्याला काय करायचं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.