दांड्यावरची तांबडी भुकटी

तुम्ही एवढा आग्रह करताय तर सांगतो, पण आधी चहाचे कप खाली ठेवा. मागच्या वेळी हे ऐकताना आमच्या मेव्हण्याच्या नाकातून चहा आला होता. आणि हसायचं ते मला हसा, विमानाला नाही. त्या बिचाऱ्याची काहीच चूक नव्हती.

तुम्हाला माहीतच आहे, मी विमानं दुरुस्त करतो. लोकांना वाटतं, पाटोळेसर म्हणजे मोठ्या विमानतळावर, निळ्या कोटात. कुठलं काय! नगर जिल्ह्यात, एका बाजूला ऊस आणि दुसऱ्या बाजूला बाजरी, मधे आमची धावपट्टी. तिथं विमान शिकवायची एक छोटी शाळा, आणि शाळेचं एकुलतं एक विमान. चार माणसांचं, माझ्या लग्नाच्याही आधीपासून उडणारं. तब्येत मात्र ठणठणीत. म्हणजे विमानाची.

आता या विमानाला गोल स्टेअरिंग नसतं. दोन कान असलेलं अर्धं चाक असतं, त्याला योक म्हणतात. ते फिरतं, शिवाय पुढंमागंही सरकतं. ते ज्या नळीवर बसवलेलं असतं ती नळी, म्हणजे शाफ्ट, समोरच्या पॅनेलमधून आत जाते. चुलीच्या फुंकणीएवढीच जाड. पण जुन्या विमानात तिच्याकडं फार बारकाईनं बघावं लागतं. कुठं झिजली का, चीर गेली का, गंज धरला का. कारण वर गेल्यावर वैमानिकाच्या हातात तेवढंच असतं.

तर दसऱ्यापासून आमचं विमान वार्षिक तपासणीसाठी हँगरमध्ये होतं. शेवटचं काम राहिलं होतं शाफ्टचं, ते मी शनिवारी सकाळी करणार होतो. आणि त्याच दिवशी दुपारी स्नेहल पहिल्यांदा एकटी विमान उडवणार होती.

स्नेहल तिसगावची. वडील एसटीत ड्रायव्हर, बबनराव. पोरीनं आठ महिने वाट बघितली होती या दिवसाची. कधी वारा, कधी ढग, कधी डॉक्टरचा कागद. त्यात तिला शिकवणारे कॅप्टन रविवारपासून महिनाभर रजेवर जाणार होते. म्हणजे शनिवार हुकला की गेला महिना. मग नव्या माणसाबरोबर पुन्हा पहिल्यापासून.

सकाळी आठ वाजता मी विमानात बसलो. योक मागं ओढला. खर्र. पुढं ढकलला. पुन्हा खर्र. माझे कान टवकारले. बॅटरी मारून बघतो तर शाफ्ट जिथं पॅनेलमध्ये शिरतो तिथं तांबूस भुकटी! पांढऱ्या फडक्यानं पुसलं, फडकं तांबडं.

लोखंडावर लोखंड घासलं की अशीच भुकटी निघते. पुस्तकात तसं चित्रच आहे. माझ्या अंगावर काटा आला, आणि खरं सांगू? थोडं बरंही वाटलं. एवढ्या वर्षांत आपल्याला काही भयंकर सापडलंच नव्हतं हो.

मी कॅप्टनना बोलावलं आणि कोर्टात निकाल सांगावा तसं सांगितलं, "फ्रेटिंग करोजन. गंज शाफ्टला आतून खातोय. विमान उडणार नाही."

कॅप्टननी फडकं बघितलं. "नक्की?"

"तीस वर्षं झाली मला या धंद्यात."

कॅप्टननी मान हलवली. हँगर झाडणाऱ्या मंगलमावशी तेवढ्या झाडू थांबवून फडक्याकडं बघत उभ्या होत्या. मी म्हटलं, "मावशी, इथली धूळ नका उडवू, हे नाजूक काम आहे." त्या बाजूला झाल्या.

नऊ वाजता टेम्पो आला. तिसगावहून बबनराव, त्यांची बायको सुमनताई, आणि निम्मी आळी. डबे, सतरंज्या, सगळं. स्नेहल पुढं पळत आली आणि माझं तोंड बघूनच थबकली. मी तिला फडकं दाखवलं, शाफ्ट म्हणजे काय, तो वर गेल्यावर अडकला तर काय होतं, सगळं सांगितलं. जरा जास्तच सांगितलं. ती विमानाच्या पंखाखाली जाऊन पाठमोरी बसली आणि तिचे खांदे हलायला लागले.

मला वाटलं आता बबनराव मला फाडून खाणार. त्यांनी बदली ड्युटी लावून रजा काढली होती. पण तो माणूस माझ्याकडं आला आणि त्यानं माझे दोन्ही हात धरले.

"सर, मी सव्वीस वर्षं स्टेअरिंगवर हाय. गाडी नीट नसंल तर डेपोच्या भायेर काढायची न्हाई, येवढं मला कळतं. दुसरा कुणी आसता तर म्हनला आसता, जाऊ द्या, माणसं आल्यात. तुमी न्हाई म्हनलात. तुमी माझी लेक वाचवली."

मग ते टेम्पोकडं वळून ओरडले, "आरं, नारळ आना सरांसाटी!"

विमानासाठी आणलेला नारळ माझ्या हातात आला. विमानासाठी आणलेला हार माझ्या गळ्यात आला. कुणीतरी मोबाईलवर फोटो काढला. बबनरावांनी डेपोत फोन लावून साहेबांना सांगितलं, कंट्रोलरला सांगितलं, कँटीनवाल्याला सांगितलं. प्रत्येक फोनला माझं कर्तृत्व वाढत होतं. कँटीनवाल्यापर्यंत जाईस्तोवर मी विमान हवेतून उतरवलं होतं.

आणि मी? मी नम्रपणे "अहो, कर्तव्यच आहे आमचं" म्हणत होतो. हार काढलासुद्धा नाही. हार घालूनच पॅनेल खोलायला बसलो.

दोन तास खपून शाफ्ट बाहेर काढला. त्याच्यावर तेलात कालवलेला लाल-काळा थर. खरवडला तर त्यातून एक बारीक तुकडा पडला, दोन्ही टोकांना निमुळता. चिमट्यानं उचलून पांढऱ्या कागदावर ठेवला आणि भिंग लावलं. भिंगातून तो केवढा तरी दिसला.

"हे बघा," मी कॅप्टनना म्हणालो, "धातूची कपची. कुठला तरी भाग आत फुटलाय."

आता मात्र कॅप्टनसुद्धा गंभीर झाले. बबनराव मागं उभे होते, त्यांनी डोक्याची टोपी काढली. सगळे भिंगातून पाळीपाळीनं बघायला लागले. सगळे मागं सरकल्यावर शेवटी मंगलमावशी आल्या. त्यांनी भिंग घेतलंच नाही. नुसतं वाकून बघितलं आणि माझ्या कानाशी पुटपुटल्या.

"सर, तांदूळ हाय त्यो."

"काय?"

"तांदूळ." त्यांनी कपची उचलली आणि नखावर दाबून मोडली. आतून पांढरी निघाली. "रेशनचा हाय, म्हून लवकर मोडंना. आन् ते तांबडं कुंकू हाय. खंडेनवमीला लावल्यालं."

मी दबक्या आवाजात म्हटलं, "विमानाच्या शाफ्टला कुंकू लावायचा मूर्खपणा कुणी केला?"

मावशींनी तांदळाचे तुकडे कागदावर ठेवले. मग हळूच म्हणाल्या, "तुमीच तर जागा दावली."

आणि मग मला आठवलं हो! खंडेनवमीला हँगरमधल्या सगळ्या हत्यारांची पूजा झाली होती. मावशी ताट घेऊन विमानाकडं निघाल्या आणि मी आडवा गेलो. विमानाला नवा पांढरा रंग दिलेला, त्यावर हळदीकुंकू पडलं की जन्मात निघायचं नाही. मी म्हटलं, "बाहेर नको मावशी, आत लावा, कुणाला दिसणार नाही अशा जागी." त्या म्हणाल्या, कुठं? तर मीच आत वाकून योक मागं ओढला, शाफ्ट वीतभर बाहेर आला, आणि बोट ठेवून म्हटलं, "इथं." त्यांनी मनोभावे कुंकू लावलं, वर अक्षता चिकटवल्या. मी योक पुढं ढकलला आणि सगळी पूजा पॅनेलच्या आत गेली.

"अहो, मग सकाळीच का नाही सांगितलं?"

"तुमी इंग्रजीत बोलत हुता. मला वाटलं, येगळं काय आसंल."

मावशी हे सगळं माझ्या कानाशी बोलल्या होत्या. त्यांनी माझी लाज राखली होती. बाकीच्यांना फक्त मी वाकलेला दिसत होतो, गळ्यात हार.

आता मनात काय आलं ते लपवत नाही. वाटलं, गप्प बसावं. शाफ्ट पुसून ठेवावा, नवा भाग मागवला म्हणावं, महिन्यानं "दुरुस्त झालं" म्हणावं. कुणाला कळणार होतं? डेपोपर्यंत माझं नाव झालं होतं. मग पंखाखाली स्नेहल दिसली. आई तिला पोळीचा घास भरवायला बघत होती आणि ती तोंड फिरवत होती. मला माझीच शरम वाटली.

मी हार काढला आणि सगळ्यांसमोर सांगितलं. अथपासून इतिपर्यंत, बोट ठेवून "इथं" म्हटल्यासकट.

बबनरावांनी टोपी परत डोक्यावर घातली. मग बबनराव म्हणाले, "म्हंजी गाडीत बिघाड न्हाई?"

"गाडीत नाही."

"मंग जोडा की पटापट. अजून दुपार हाय."

मी शाफ्ट धुतला, इंच न् इंच बघितला. चीर नाही, झीज नाही, गंजाचा ठिपकासुद्धा नाही. जोडला. कंट्रोल खोलले की एकट्याच्या भरवशावर सोडायचं नसतं, दुसऱ्यानं तपासावंच लागतं. कॅप्टननी तपासलं, आणि तपासताना मधेच "अक्षता नाहीत ना कुठं?" असं विचारून माझा जीव घेतला. मग ते एकटेच एक फेरी मारून आले. मग स्नेहलला घेऊन दोन. साडेचारला खाली उतरले, दार लावलं आणि लांब येऊन उभे राहिले.

विमान तिला एकटीला घेऊन वर गेलं. बबनराव सव्वीस वर्षं ड्रायव्हर, पण हाताची मूठ आवळून, उजवा पाय जमिनीत दाबून उभे होते. ब्रेकच मारत होते हो ते. ती उतरली, अगदी अलगद, आणि तो माणूस मटकन खाली बसून रडला. मीही रडलो. त्यात लपवायचं काय.

सुमनताईंनी लेकीला ओवाळलं. मग ताट घेऊन विमानाकडं वळल्या आणि मधेच थांबून मला विचारलं, "सर, इमानाला कुठं लावू?"

सगळं हँगर माझ्याकडं बघायला लागलं.

मी म्हटलं, "ताई, विमानाला नको. माझ्या कपाळाला लावा."

त्या माउलीनं ठसठशीत लावलं, वर अक्षता दाबल्या. घरी येऊन साबणानं घासलं, रॉकेलनं घासलं, डाग काही पुरता जाईना. आणि दुसऱ्या दिवशी रविवार! चर्च सुटल्यावर पाळकसाहेबांनी दारातच मला थांबवलं, चष्मा वर करून कपाळाकडं बघितलं.

"काय हो पाटोळे, हे तांबडं काय लागलंय?"

मी म्हटलं, "गंज आहे, साहेब. तीस वर्षांच्या अनुभवानं सांगतो."