माझ्या नावानं पडलेलं मत

फोनच्या काचेचा एक कोपरा उचलला गेला होता. तो दुकानात न नेता मी घरीच चिकटवला. पाकिटांचा डिंक घेतला, आगपेटीच्या काडीनं कोपऱ्याखाली सारला आणि वर शब्दकोश ठेवून दिला. तीस वर्षं कचेरीत पाकिटं चिकटवून निवृत्त झालेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? बायको म्हणाली, "अहो, फोन आहे तो, आहेराचं पाकीट नव्हे." मी हसलो. ते हसू दुसऱ्या दिवशी सकाळी नऊपर्यंत टिकलं.

नऊ वाजता पुण्याच्या धाकट्या भावानं घरच्या ग्रुपवर प्रश्न टाकला: अप्पांनी पुढचं वर्ष कुठं राहावं? खाली दोन पर्याय, हुबळी आणि पुणे. ज्याला जे पटेल त्यावर त्यानं बोट ठेवायचं. आमचे वडील चौऱ्याऐंशीचे. आई गेल्यापासून सहा वर्षं ते माझ्याकडे, हुबळीच्या केशवापुरात. त्यांच्या गोळ्या मी देतो, चहातली साखर मी मोजतो, फिरायला मी नेतो आणि फोनवर आलेले तब्येतीचे सल्ले रोज सकाळी मोठ्यानं वाचूनही मीच दाखवतो. असा सेवक घरात असताना मतं कसली मागतोस, असं मनाशी म्हणत मी 'हुबळी'वर बोट टेकवलं.

काही झालं नाही. पुन्हा टेकवलं. दाबलं. बोट धोतराला पुसून दाबलं, मग फोनच धोतराला पुसून दाबला. पडदा लख्ख दिसत होता, पण ओळख दाखवायला तयार नव्हता. साहेब झालेला जुना मित्र बघतो ना, तसा. मी फोन तासभर तांदळाच्या डब्यात पुरला, नंतर उन्हात ठेवला. उन्हातून आणला तेव्हा त्याच्या अंगात वारं शिरलं होतं. मी हात लावत नव्हतो आणि तो आपला आपण उघडझाप करत होता. एक फोटो उघडला, मिटला. ग्रुप उघडला. आणि माझ्या डोळ्यांदेखत, माझ्या नावानं, त्यानं 'पुणे'वर मत टाकलं. मग पुन्हा गार पडला.

दोन मिनिटांत बेळगावच्या बहिणीचे जोडलेले हात ग्रुपवर उमटले. भावाचं उत्तर, "अण्णा, तुझं मन मोठं आहे." मोठं कसलं! ते तेव्हा घशात येऊन बसलं होतं. तेवढ्यात भावाचा फोनच आला. माझ्या हातात तो वाजतोय, भावाचा हसरा चेहरा समोर दिसतोय आणि मला तो उचलता येत नाही. मी त्या चेहऱ्यावरच ओरडलो, "अरे, ते मी केलेलं नाही!" चेहरा हसतच राहिला.

मी बायकोला म्हटलं, "तुझा फोन दे."

"चार्जिंगला लावलाय."

"मग वायर काढ की!"

"आणि मी काय म्हणते, आपलं मत आपण फिरवावं. माझ्या फोनवरनं केलंत तर सगळे म्हणतील वहिनीनं करवलं."

हे मला पटलं. बायकोचं मला सहसा पटत नाही; तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. पण मी फोन पिशवीत घालून सिटी बस पकडली आणि दाजीबानपेठेच्या मागच्या गल्लीत, कापडाच्या दोन दुकानांच्या मधे असलेल्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो.

"कुंद्री," म्हणजे बसा म्हणून त्यानं स्टूल पुढं केलं, काच पात्यानं उचलली आणि नाकाजवळ नेली. मग कानडीत विचारलं, "अण्णा, हे कुणी केलं?"

"रस्त्यावरच्या एका माणसानं," मी म्हटलं.

"त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका. डिंक आत गेलाय. डिस्प्ले बदलायला लागेल, दोन तास. तोवर काही अर्जंट आहे का?"

"एक मत फिरवायचंय."

त्यानं यावर काही विचारलं नाही, हा त्याचा मोठेपणा. छोट्याशा वायरीनं त्यानं फोनला कॉम्प्युटरचा माऊस जोडला. पडद्यावर एक बाण उगवला. कचेरीतला माझा जुना सवंगडी! मी बाण सरकवला आणि 'हुबळी'वर टिचकी मारली. मत फिरलं. सहा वर्षांची सेवा वाचली, असं वाटून मी दुरुस्तीवाल्याला चहा सांगितला.

चहा यायच्या आधी भावाचा मजकूर आला. ग्रुपवर नाही, फक्त मला. "अण्णा, का फिरवलंस? मागच्या महिन्यात अप्पांनीच वहिनीच्या फोनवरून सांगितलं, मला तिकडे ने. तुला तोंडावर कसं सांगायचं म्हणून बेळगावला विचारून मी हे मतांचं काढलं. वहिनी म्हणाली होती, तू समजून घेशील."

मी ते बाणानं वर-खाली करून तीनदा वाचलं. भाऊ, बहीण, बायको, बाप, चौघांना ठाऊक. माझ्याच घरातल्या गोष्टीतला मी एकटाच बाहेरचा. चहा आला, तो दुरुस्तीवाल्यानं प्यायला.

नवा पडदा घालून घरी पोचलो. अप्पा बाहेरच्या खुर्चीत गिरमिटाची, म्हणजे इकडच्या चटकदार चुरमुऱ्यांची, बशी घेऊन बसले होते, शेजारी तळलेली मिरची. मला पाहून त्यांनी मिरची लपवली नाही.

"मत फिरवलंस म्हणे," ते म्हणाले.

"तुम्ही मला सांगायचं होतं, अप्पा."

"सांगितलं असतं तर तू मला डॉक्टरकडे नेलं असतंस."

नेलं असतं. सकाळीच.

"माझ्याकडे काय कमी पडलं?"

"कमी?" त्यांनी बशी खाली ठेवली. "अरे, तू इतकं करतोस की मला दिवसभर आजारीच वाटतं. धाकट्याला माझ्याकडे बघायला वेळ नसतो. तिथं मी एकटा खाली जाईन, दूध आणीन, कुणाशी तरी भांडेन. आज तुझा फोन बंद होता, सल्ले ऐकावे लागले नाहीत, तर सकाळी जरा बरं वाटलं बघ."

आतून बायको म्हणाली, "मी सांगणार होते हो." मी तिच्याकडे बघितलं नाही. अजूनही पुरतं बघत नाही, जेवताना ताटाकडेच बघतो. ती आमटी वाढते आणि मी 'पुरे' ताटालाच सांगतो.

"तू नको म्हणालास तर राहतो मी," अप्पा म्हणाले. "मोठा मुलगा आहेस."

हे मात्र त्यांनी करायला नको होतं. चौघांनी मिळून मला फसवलं होतं तेच बरं होतं. त्यात मला काही करावं लागत नव्हतं.

मी फोन काढला. नव्या पडद्याची काच इतकी गुळगुळीत की त्यात माझाच चेहरा दिसत होता, रडका. 'पुणे'वर बोट ठेवलं. पहिल्याच स्पर्शाला लागलं. जरा तरी अडायचं होतं त्यानं.

"झालं?" अप्पांनी विचारलं.

"झालं."

"मग तिकीट खिडकीजवळचं काढ," ते म्हणाले आणि उरलेली अर्धी मिरची माझ्यापुढं धरली. मी ती खाल्ली. डोळ्यांत पाणी आलं ते मिरचीचं, असं मी दोघांनाही सांगितलं.