परबकाकूंच्या अळवाला माझा कोळसा

हसा, पण आधी ऐकून तरी घ्या! परळच्या आमच्या चाळीत मी जन्मात एकदाच समाजसेवा करायला गेलो, आणि अख्ख्या मजल्याची ऋषीपंचमी धोक्यात आणली.

शेजारच्या परबकाकू गच्चीवर ड्रममध्ये अळू लावतात. ऋषीच्या भाजीला बैलाच्या कष्टाचं काही चालत नाही ना, म्हणून मजल्यावरच्या सगळ्या घरांत काकूंचंच अळू जातं. त्यांचा मानच तो!

आणि मी मोबाइलवर बायोचारचा व्हिडिओ पाहिला. कमी हवेत करवंट्या जाळून कोळसा करायचा, चुरून मातीत घालायचा, झाडं नुसती तरारतात! म्हटलं, काकूंना सरप्राइज देऊ. पत्र्याच्या डब्यात करवंट्या कोंबल्या, झाकणाला भोकं पाडली आणि डबा गच्चीवर शेगडीत ठेवला. सगळ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांना धुराचा वास लागला. शिव्या खाल्ल्या, पण शास्त्रज्ञांना एवढं सोसावंच लागतं!

काकू देवळात गेल्या तशी कोळशाची भुकटी गुपचूप ड्रममध्ये कालवली.

थोड्याच दिवसांत अळू पिवळं!

"माझ्या अळवाक कोणाची नजर लागली रे?" काकू रडकुंडीला आल्या.

"कबुतरं हो, काकू! दुसरं कोण?"

मनात म्हटलं, डोस कमी पडला. आणखी डबाभर कोळसा ओतला! पानं माना टाकून बसली. काकूंनी मीठमोहऱ्यांनी ड्रमची दृष्ट काढली, तेव्हा मात्र मी बायकोला, सुजाताला, सगळं सांगितलं.

"व्हिडिओ पूर्ण बघितलास?"

"आग पेटते तिथपर्यंत."

तिने पुढचा भाग लावला. कोळसा आधी शेणखताच्या पाण्यात चांगला मुरवायचा. कोराच घातला, तर मातीतलं खाणं तोच शोषून बसतो आणि झाड उपाशी!

मी तोंड उघडायच्या आत सुजाताने काकूंना सगळं सांगूनही टाकलं, साभिनय. काकूंनी गच्चीवर जाऊन ड्रममधली मूठभर काळी माती उपसून बघितली.

ऋषीपंचमीला काकूंनी दादरहून अळू आणलं, 'परसातलंच आहे' अशी शपथ घेणाऱ्या भाजीवालीकडून. पंगत बसली. माझ्या पानात एक डाव भाजी पडली. दुसरा पडला. तिसरा!

"काकू, बास! पोट फुटेल!"

"गप जेव! उपाशी कोळसो शेजाऱ्याक कसो खाता, ता बघलंय मी ड्रमात!"