सरंजामेचा चौथा भाग

लूमच्या कारखान्यात रुई कधी साठते ते कोणाला कळत नाही. सकाळी झाडली तरी संध्याकाळी केसांत, कानात, चहाच्या कपात आहेच! किस्स्यांचंही तसंच. नारपोलीच्या सोळा लूमच्या एका कारखान्यात मी आठ वर्षं जॉबर होतो, म्हणजे बंद पडलेला लूम चालू करणारा मिस्त्री. आजही डोकं झटकलं की किस्सेच खाली पडतात.

त्यातले निम्मे घडले ते एका माणसामुळे, जो मुळात नव्हताच. कॅप्टन सरंजामे! पॉकेट बुकातला हिरो. फौजेतला निवृत्त नेमबाज, गावाकडे आंब्याची कलमं राखत बसलेला. दर पुस्तकात दिल्लीत मोठं कारस्थान शिजायचं, बडे बडे साहेब त्यात सामील असायचे, आणि मग एक मोटार धूळ उडवत सरंजामेच्या दारात थांबायची. "कॅप्टन, आता तुमच्याशिवाय कोणी नाही!" या वाक्याला आमच्या अंगावर दर वेळी काटा यायचा. एकाहत्तरची लढाई होऊन तीन-चार वर्षं झाली होती. फौजी म्हटलं की लोक बसायला जागा द्यायचे.

* * *

पुस्तक एक आणि वाचणारे चार. कोण थांबणार? एस.टी. स्टँडवरून पुस्तक आलं की आम्ही त्याची शिवण उसवायचो, चार भाग करायचो, प्रत्येक भाग लूमच्याच सुताने टाचायचो आणि वाटून घ्यायचो. ज्याच्या हाती जो भाग लागेल तो त्याने आधी वाचायचा.

खारबावचा गणपत पाटील नशिबाचा फुटका. त्याला कायम तिसरा भागच पहिल्यांदा मिळायचा. त्यामुळे त्याला खुनी आधी कळायचा आणि खून नंतर व्हायचा!

एकदा चुकून त्याला पहिला भाग पहिल्यांदा मिळाला. दोन दिवसांनी येऊन म्हणाला, "या बारीला काय मजा न्हाय. सगला सरल सरल चाललाय."

* * *

लूम चालू असले की कानात ओरडलेलंही ऐकू येत नाही. त्यामुळे आमच्याकडे समोरच्याचे ओठ वाचायचे आणि उत्तर हातांनी द्यायचं. रहमतभाई हा आमचा सगळ्यात जुना कारागीर. त्याला मराठी वाचता येत नव्हतं, म्हणून गणपत लूमपलीकडून त्याला अख्खी गोष्ट हातवाऱ्यांनी सांगायचा. मोटार, मंत्री, बाई, दाढीवाला, सगळ्यांच्या खुणा ठरलेल्या. सरंजामेची खूण म्हणजे एक डोळा बंद, एक हात लांब आणि बोट घोड्यावर.

एकदा शेठ सुताच्या व्यापाऱ्याला कारखाना दाखवायला घेऊन आले. रहमतभाई नेमका गोष्ट समजल्याचं खुणेने सांगत होता. एक डोळा मिटलेला, हात थेट व्यापाऱ्याच्या छातीवर रोखलेला!

व्यापारी दोन पावलं मागे सरला. शेठनी रहमतभाईला बाहेर बोलावून झापलं. रहमतभाई शांतपणे म्हणाला, "सेठ, आप खामखा घबरा गए. गोली तो अगले हिस्से में चलेगी!"

* * *

कारस्थानांची पुस्तकं वाचून गणपतला सगळीकडे कारस्थानं दिसायला लागली. त्याचं म्हणणं, लाइट नेमकी त्याच्याच शिफ्टला जाते. "कोनतरी मुद्दाम करतंय, मी सांगतो!"

मग त्याने सरंजामेसारखी पाळत ठेवली. आठवडाभर दुसऱ्या शिफ्टच्या वेळीही दारात बसून राहिला. आठव्या दिवशी आला तेव्हा चेहरा गंभीर.

"काय रे, सापडलं?"

"सापडला. लाइट त्यांच्या शिफ्टला पन जाते."

"मग संपलं की!"

"संपला कसा? म्हंजे कट दोनी शिफ्टच्या विरोधात हाय!"

* * *

आता आमच्या गेटवरच्या माणसाचं सांगतो. वडप्याचे बाळाराम भोईर, खरेखुरे फौजी. रिटायर झाले नाईक म्हणून, पण आम्ही त्यांना सुभेदारच म्हणायचो. तुम्ही किती टिपले, असं कोणी विचारलं की म्हणायचे, "मोजाया मी काय हिशेब लिवनारा मेहता हाय?"

त्यांचे कान मात्र जबरदस्त. गेटवर बसल्या बसल्या नुसत्या आवाजावरून ओरडायचे, "जॉबर, ऊठ! सात नंबर बंद पडला!" आणि सात नंबरच बंद असायचा. असा कान त्यांच्याखेरीज एकाच माणसाला होता, आमच्या शेठना. त्यांनी स्वतः पंधरा वर्षं लूम चालवलेला. मागच्या खोलीत जेवत असतील आणि एक लूम थांबला, तर हातातला घास ताटात ठेवून उठायचे.

सुभेदारांना सरंजामे भारी आवडायचा, पण ते स्वतः वाचत नसत. दुपारच्या चहाला गणपतला म्हणायचे, "तू वाच रे. माझा चष्मा घरी ऱ्हायला." तीन वर्षं चष्मा घरीच!

एकदा मी विचारलं, एवढं काय आवडतं? म्हणाले, "घरी बसवलेला मानूस परत कोनाला तरी लागतो, ता ऐकाया बरा वाटतं रे." मला ते आत कुठेतरी लागलं.

* * *

एका सकाळी मी गेटमधून आत शिरलो. रोज लांबूनच "ये जॉबर" म्हणणारे सुभेदार काठी आडवी धरून म्हणाले, "कोन हाय?"

मी हातभर अंतरावर होतो. भर उजेडात. फक्त त्या दिवशी मी नव्या चपला घातल्या होत्या.

काठी हळूच खाली आली. "जॉबर," ते म्हणाले, "कोनाला बोलू नको. घरी बसलो त मी मेलो."

मी फक्त गणपत आणि रहमतभाईला सांगितलं. गणपतने दोघांचे हात धरले आणि म्हणाला, "आता खरा कट!" कारण न सांगता त्याने सगळ्यांना पढवलं आणि त्या दिवसापासून गेटमधून येणारा जाणारा प्रत्येकजण मोठ्याने आपलं नाव घेऊन राम राम, सलाम करू लागला. शेठना वाटलं, कारखान्याला शिस्त लागली!

* * *

त्याच सुमाराला नवं पुस्तक आलं. तिसऱ्या भागाच्या शेवटी सरंजामेचा नेम धरायचा डोळाच जातो! आणि चौथा भाग गायब. खिडकीत ठेवला होता, तिथून नाहीसा झाला. गणपतने सगळ्यांची झडती घेतली, माझीसुद्धा. सुभेदार रोज विचारायचे, "मिलाला का रे? त्याचा पुढं काय झाला?"

चौथा भाग काही मिळाला नाही. उलट एका दुपारी शेठ आपल्या मेहुण्याला घेऊन गेटवर उभे राहिले. मेहुण्याला सुभेदारांची गेटवरची नोकरी हवी होती. मी, गणपत आणि रहमतभाई आत खिडकीजवळ होतो. आवाज पोचत नव्हता, पण मेहुण्याचे ओठ स्पष्ट वाचता येत होते. "यांना दिसत नाही, दाजी. बोटं विचारून बघा."

शेठनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग हात डोक्यावर उंच धरला. तीन बोटं.

रहमतभाई वळला आणि त्याने आपले लूम बंद केले. एक. दोन. तीन.

सुभेदारांनी मान किंचित कलती केली. ओठ हलले. "तीन."

शेठनी दोन्ही हात वर केले. आठ बोटं. गणपतने आत खुणा केल्या आणि एकामागून एक लूम थांबत गेले. आधीचे तीन धरून आठ होईपर्यंत.

आता आवाज निम्म्यावर आला होता आणि खिडकीला कान लावल्यावर बाहेरचं बोलणं कसंबसं ऐकू आलं.

"आठ," सुभेदार म्हणाले.

एक लूम थांबला तर जेवणावरून उठणारे शेठ. आठ लूम बंद होते आणि त्यांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

मेहुणा म्हणाला, "दाजी, पण..."

"बरोबर सांगितलं ना त्यांनी? चल, तुला दुसरं काम बघू."

जाता जाता शेठ खिडकीशी थांबले. खिशातून सुताने टाचलेला एक भाग काढला आणि गणपतच्या हातात ठेवला.

"चहाला सुभेदारांना वाचून दाखव. शेवट चांगला आहे."