रंग कुठं जातो

ट्रॅक्टरची ट्रॉली रंगवायला मी सिरसाळ्यात दिली, तेव्हा तिथला रंगारी भेटला. फौजेच्या वर्कशॉपात त्यानं बरीच वर्षं जवानांना गाड्यांवर स्प्रे मारायला शिकवलं होतं. रंगाची स्प्रे-गन पत्र्यापासून वीतभर लांब धरून तो हात सरळ, सावकाश फिरवायचा. मला दुसऱ्या दिवशी ऊस भरायचा होता.

"हवा वाढवा की, लवकर उरकंल," मी म्हणालो.

त्यानं गन थांबवून मास्क खाली केला. "हवा वाढवली की निम्मा रंग पत्र्यावर बसतच न्हाई, हवेत उडून नाकातोंडात जातो. आमच्या उस्तादाच्या छातीत बसला. लई खोकून गेला. म्हणून नव्या जवानाला मी पयलं हेच शिकवायचो."

मग त्यानं मला वारा येत होता त्या बाजूला उभं केलं. ट्रॉली संध्याकाळी मिळाली. मी पुन्हा घाई केली नाही.